बाळंतिणीच्या खाटेची मच्छरदाणी: एक तयार, एक मापानं शिवलेली

लेक दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आठ दिवसांत आमच्या घरात तीन मच्छरदाण्या आल्या. पहिली जावईबापूंनी मोबाइलवरून मागवलेली, घडी सोडली की तंबूसारखी उभी राहणारी, चेनची. दुसरी आणि तिसरी मी सोलापुरातल्या मधला मारुतीकडच्या एका गल्लीतून आणली. एक खाटेच्या मापानं शिवून घेतलेली चौकोनी, एक बाळासाठी छत्रीची. तिन्ही वापरून दोन महिने झाले. श्रावण आणि भादवा दोन्ही यात आले, म्हणजे सोलापुरातला डासांचा खरा हंगाम. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

मी आरोग्य खात्यातून कीटक समाहारक म्हणून निवृत्त झालो. हे पद फार लोकांना माहीत नसतं. पहाटे लोकांच्या घरी जायचं, भिंतीवरचे, खाटेखालचे, खुंटीवरच्या कपड्यांमागचे डास बॅटरीच्या उजेडात शोधायचे, काचेच्या नळीनं ओढून गोळा करायचे, कोणत्या जातीचे किती ते लिहायचं आणि माद्या प्रयोगशाळेत नेऊन सुईनं उघडून बघायच्या. यातली बरीच वर्षं हत्तीरोगाच्या, म्हणजे डासातून येणाऱ्या जंतानं पाय सुजतो त्या रोगाच्या कामात गेली. त्यामुळे मच्छरदाणी हातात आली की मी आधी भोक बघतो, मग शिवण, मग खालचा काठ.

आधी दुकानाबद्दल. मालकीणबाईंनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय. शिवायला त्या एकट्याच आहेत, फोन घेत बसलं की मशीन थांबतं. मधला मारुतीला येऊन "मच्छरदाणी शिवून कुठं मिळते" असं विचारा, कुणीही दाखवेल. दहा बाय बाराचा गाळा, दाराशीच मशीन, मागे छतापर्यंत जाळीच्या कापडाचे गठ्ठे. आपलं गाव चादरीचं आणि टॉवेलचं, पण जाळीचं कापड इथं होत नाही. ते तमिळनाडूतल्या करूरहून येतं, असं बाईंनी सांगितलं.

"काका, खाटेचं माप आणलंय का ओ?"

"सहा बाय साडेसहा."

"आणि गादीची जाडी?"

इथंच माझं मन बसलं. आजवर घेतलेल्या कुठल्याही मच्छरदाणीच्या वेळी दुकानदारानं गादीची जाडी विचारलेली नाही. जाळी नुसती खाली सोडून चालत नाही, ती गादीखाली खोचावी लागते. गादी सहा इंची असेल तर कापड तेवढं जास्त लागतं. ते नसेल तर रात्री कूस बदलली की काठ सुटतो आणि खाली वीतभर फट पडते. बाईंनी स्वतःच दीड फूट जास्त धरलं. खाली फूटभर रुंदीचा मांजरपाटाचा पट्टा लावायचाही त्यांनीच सुचवला. खोचताना जाळी गादीच्या कडेला घासून फाटते, मांजरपाट फाटत नाही. शिवाय झोपेत हातपाय कडेला लागले तरी तिथं जाळीऐवजी कापड असतं. साध्या जाळीला उघडं अंग टेकलं की डास बाहेर बसून भोकातून सोंड घालतो, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. कोपरावर आणि पायाच्या अंगठ्याजवळ गांध्या उठलेल्या असतात, आणि माणूस म्हणतो, मच्छरदाणीत झोपूनही चावतात.

कापड निवडायला बाईंनी तीन गठ्ठे काढून दिले. मी दोन दिवसांची मुदत मागून तिन्हींचे वीतभर तुकडे घरी आणले. माझा मेव्हणा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडून पिक ग्लास आणलं. कापडातले धागे मोजायला विणकर वापरतात ते, घडीचं छोटं भिंग, खाली इंचभराची चौकट. तुकडा पांढऱ्या कागदावर पसरला, वर पिक ग्लास ठेवलं आणि सुईच्या टोकानं एकेक भोक मोजलं. पहिल्या तुकड्यात इंचाला एका बाजूनं बारा, दुसऱ्या बाजूनं तेरा. म्हणजे चौरस इंचात 156. आमच्या खात्यातून वाटल्या जाणाऱ्या मच्छरदाण्यांचं मापही हेच असायचं. दुसरा तुकडा जास्त बारीक, तिसरा विरळ. मग जावईबापूंची तंबूवाली जाळी घेतली. नुसती पसरली तर भोकं बरी वाटली, पण बोटानं जरा ताणली की धागे सरकून एकेक भोक दीडपट होत होतं. मोजून आलं ते एका कोपऱ्यात 100, दुसऱ्या कोपऱ्यात 110. एकाच जाळीत दोन मापं.

मी 156 वालं घेतलं. जास्त बारीक का नाही घेतलं, असं लेकीनं विचारलं. बारीक जाळीत वारा येत नाही. सोलापूरच्या उकाड्यात पंखा चालू असूनही आत जीव घाबरा होतो, मग मध्यरात्री माणूस जाळी वर फेकून देतो. फार बारीक जाळी लागते ती वाळूमाशीसाठी. ती डासापेक्षा पुष्कळ लहान असते, नेहमीच्या जाळीतून सहज आत येते, आणि बिहार-झारखंडकडे काळा आजार तीच पसरवते. तिच्या बाबतीत तर त्या रोगाचा परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या अंगात राहून जगणारा जंतू, फारच पुढे गेलेला आहे. तो तिच्या आतड्यात जेलीसारखा बोळा तयार करतो, त्यामुळे तिला रक्त नीट ओढता येत नाही. ती पुन्हा पुन्हा चावते आणि चावताना तो बोळा परजीवीसकट माणसाच्या अंगात ओकते. पण काळा आजार हा आपल्याकडचा प्रश्न नाही. सोलापूरचा जुना प्रश्न हत्तीरोगाचा आहे, आणि तो आणते गटारावरची आणि संडासाच्या टाकीतली क्युलेक्स ही डासाची जात. तिच्यासाठी 156 पुरेसं आहे.

मी इतकं मोजमाप का करतो ते सांगायचं तर मावशीपासून सुरुवात करावी लागेल. आईची थोरली बहीण. उभा जन्म विड्या वळल्या. सूप मांडीवर, डावा पाय समोरच्या पाटावर ठेवलेला, कारण तो खाली सोडला की जड व्हायचा. घोट्याचा आकार राहिलेला नव्हता. चप्पल मोच्याकडून वेगळी शिवून घ्यायला लागायची. वर्षातून तीन-चारदा थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल आणि गरम व्हायचा, आठ दिवस विड्या बंद, म्हणजे आठ दिवस मजुरी बंद. नोकरीला लागल्यावर मला कळलं की तो ताप जंतांपेक्षा जास्त कातडीच्या भेगांतून शिरणाऱ्या जीवाणूंमुळे येतो. रोज साबणानं पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या तर तो पुष्कळ कमी होतो. मी ते तिला शिकवलं. तिचे शेवटचे काही पावसाळे त्या मानानं बरे गेले. पण पाय काही मूळचा झाला नाही.

मावशीला तो रोग पन्नाशीत झालेला नव्हता. हत्तीरोगाची लागण बहुतेक वेळा लहानपणीच होते, ती दिसते कितीतरी वर्षांनी. म्हणून माझ्या दृष्टीनं बाळाची मच्छरदाणी ही त्याच्या चाळिशीतल्या पायांसाठी असते. दुसरं असं की सरकार गावोगाव हत्तीरोगाच्या गोळ्या खाऊ घालतं, डीईसी आणि अल्बेंडाझोल, त्या दोन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत आणि गरोदर बाईलाही देत नाहीत. म्हणजे लेक पोटुशी होती तेव्हाही तिला गोळी नव्हती आणि आता बाळालाही नाही. त्या वयात जाळी हेच औषध.

आता डासाच्या आत काय होतं ते. डास म्हणजे जंताची पालखी, या खांद्यावरून त्या खांद्यावर न्यायची, असं लोकांना वाटतं. तसं नाही. जंताचं बालपणच डासात जातं.

हत्तीरोगाचा मोठा जंत माणसाच्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातली लस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत राहतो, पाच-सहा वर्षं जगतो आणि त्याची मादी रक्तात लाखो सूक्ष्म पिल्लं सोडते. त्यांना आम्ही मायक्रोफायलेरिया म्हणतो. एकेक पाव मिलिमीटरच्या आसपास, अंगावर पारदर्शक खोळ. ही पिल्लं माणसाच्या अंगात कधीच मोठी होत नाहीत. त्यांना डासाच्या पोटात जावंच लागतं. रक्ताबरोबर ती पोटात गेली की खोळ टाकतात, पोटाची भिंत भेदतात आणि डासाच्या छातीत, ज्या स्नायूंनी तो उडतो त्या स्नायूंत जाऊन बसतात. तिथं आधी आखूड आणि फुगीर होतात, दोनदा कात टाकतात, मग लांब होत जातात. दहा ते चौदा दिवस लागतात. मग दीडेक मिलिमीटरची ती अळी डोक्याकडे सरकते आणि सोंडेत येऊन थांबते.

हे मी भिंगाखाली पाहिलंय. विच्छेदनाची पद्धत अशी: मादीचे पंख आणि पाय काढायचे, काचपट्टीवर सलाईनचे तीन थेंब ठेवायचे, डोकं एका थेंबात, छाती दुसऱ्यात, पोट तिसऱ्यात. दोन सुया घेऊन हळूहळू उकलायचं. एकदा जुन्या वस्तीतल्या एका घरातली मादी होती. पोटात काही नाही, छातीत काही नाही. डोक्याच्या थेंबात सोंडेच्या मुळाशी सुई दाबली आणि सोंडेच्या टोकाकडून एक पांढरा धागा बाहेर यायला लागला, सुईच्या नेढ्यातून दोरा यावा तसा. पूर्ण बाहेर आला आणि थेंबभर पाण्यात वळवळायला लागला. त्याच्यामागे दुसरा आला. ती मादी मी त्या पहाटे पाळण्याच्या दोरीवरून उचलली होती. पाळण्यात सहा महिन्यांचं मूल होतं.

हे कोडं उलगडायला माणसांनाही वेळ लागला. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांनी 1877 साली चीनमधल्या अमॉयला आपल्या माळ्याचं रक्त डासांना पाजून ही पिल्लं डासात वाढतात हे दाखवलं. पण त्यांची समजूत अशी झाली की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं जंत माणसात जातो. जंत सोंडेतून येतो हे जॉर्ज लो यांनी 1900 साली दाखवलं. मधल्या काळात, 1897 च्या ऑगस्टमध्ये, रोनाल्ड रॉस यांना आपल्याकडून हैदराबादची गाडी धरली की लागतं त्या सिकंदराबादला ॲनॉफिलीस जातीच्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. दोन्ही शोध एकाच माळेतले, पण दोन्ही परजीवींची चाल वेगळी आहे. हिवतापाचा जंतू डासात हजारोंनी वाढतो, त्यामुळे तिथं एक चावाही पुरतो. हत्तीरोगाचा जंत डासात वाढतो तो फक्त अंगानं. एक गेला तर एकच बाहेर येतो, तोही वाचला तर. चावताना तो थेट सुईसारखा आत टोचलाही जात नाही. सोंडेतून कातडीवर उतरतो आणि डासानं पाडलेल्या भोकातून स्वतः आत शिरतो. म्हणून लागण पक्की व्हायला बाधित डासांचे फार चावे लागतात. रंगूनमध्ये केलेल्या एका जुन्या अभ्यासात तो हिशोब 15,000 च्या वर गेला होता.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक म्हणतात, "एवढं करून एखादा डास चावणारच, मग काय उपयोग?" हिवतापाला हा प्रश्न विचारणं ठीक आहे. हत्तीरोगात प्रत्येक वाचवलेला चावा मोजला जातो. जंतालाही डास दोन आठवडे जिवंत राहायला हवा असतो, आणि बहुतेक डास तेवढे जगतच नाहीत. पोटात फार पिल्लं गेली तर त्यांच्या ओझ्यानंच डास मरतो. ॲनॉफिलीसच्या घशात तर दातेरी कड असते, तिच्यात बरीच पिल्लं चिरडली जातात. क्युलेक्सचा घात असा की तिच्या वाट्याला थोडी पिल्लं आली तरी त्यांतली पुष्कळ पूर्ण वाढतात. म्हणून ज्याच्या रक्तात जंत अगदी कमी आहेत, ज्याचे पाय धडधाकट आहेत, त्याच्याकडूनही शहरात रोग चालू राहतो. मावशीसारखा पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात तर पुष्कळदा पिल्लं उरलेलीच नसतात. लोक घाबरतात तिला, आणि गोळी घ्यायला नाही म्हणतात ते धडधाकट.

वेळेची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात. रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, साधारण दहा ते दोन. क्युलेक्सची चावण्याची ऐन वेळही तीच. म्हणून आमचं रक्तनमुन्यांचं काम रात्री साडेआठनंतर सुरू व्हायचं आणि बारापर्यंत चालायचं. बोटाला सुई टोचून 20 घनमिलिमीटर रक्त काचपट्टीवर घ्यायचं. लोक चिडायचे, झोपेतून का उठवता म्हणून. दिवसा घेतलं असतं तर पट्टी कोरी आली असती.

सोलापूरच्या पूर्व भागात एक यंत्रमागावरचा मुलगा होता, चोविशीतला. मांडीच्या सांध्यात गाठ, अधूनमधून ताप. दोनदा रात्री नमुना घेतला, दोन्ही वेळा काही नाही. तिसऱ्यांदा त्याच्या आईनं सहज सांगितलं की तो तीन वर्षं रात्रपाळीलाच आहे, दिवसभर झोपतो. मी दुपारी एक वाजता जाऊन त्याला झोपेतून उठवून रक्त घेतलं. पट्टीवर जंत दिसले. 1881 साली लंडनच्या रुग्णालयात स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रोग्याची झोपेची वेळ उलटी करून हेच दाखवलं होतं. काही दिवसांत पिल्लांनीही आपली वेळ उलटी केली. जंत घड्याळ बघत नाही, माणसाची झोप बघतो. तेव्हापासून रात्रपाळी करणारा कुणी भेटला की मी आधी विचारतो, दिवसा झोपताना जाळी लावता का.

तर आता परीक्षण. मी पंधरा दिवस रोज पहाटे साडेपाचला दोन्ही जाळ्या आतून तपासल्या. काचेची नळी अजून घरात आहे, बॅटरीही. तंबूवाल्या जाळीत जावईबापू आणि थोरला नातू बाहेरच्या खोलीत झोपत होते. शिवलेल्या जाळीत लेक, आणि मोठ्या अंथरुणावर घेतलं असेल तेव्हा बाळही, आतल्या खोलीत. खोल्या वेगळ्या, माणसं वेगळी, त्यामुळे याला काटेकोर प्रयोग म्हणत नाही. पंधरा पहाटेंत तंबूच्या आत 14 डास मिळाले, सगळ्या क्युलेक्स माद्या, त्यांतल्या 9 रक्तानं भरलेल्या. शिवलेल्या जाळीत 2, दोन्ही एकाच पहाटे, लेक रात्री तीनला बाळासाठी उठली होती आणि काठ खोचायचा राहिला होता. आत अडकलेला डास हा बाहेरच्या दहांपेक्षा वाईट. त्याला दुसरं कुणी मिळत नाही, मग तो रात्रभर त्याच दोघांना चावतो.

तंबूत डास शिरत कुठून होते ते शोधायला मला तीन दिवस लागले. चेन जिथं संपते त्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी मोकळी जागा आहे. दुसरं, खालचं कापड आणि जाळी जोडणारी शिवण एका बाजूला उसवत चालली होती, धुतल्यावर आणखी उसवली. कंपनीला फोटो पाठवले. बदलून देऊ म्हणाले, मग पाच दिवसांनी परतीची मुदत संपली म्हणाले. किंमत 1,150 रुपये. कोपऱ्यातली जागा आता मधला मारुतीच्या बाईंनीच टाका घालून बंद करून दिली, वीस रुपयांत. प्रवासाला, शेतावर, गच्चीत एक रात्र झोपायला ती जाळी वाईट नाही. खिळे नकोत, दोऱ्या नकोत. रोजच्या वापराला घेऊ नये.

शिवलेली चौकोनी जाळी 920 रुपयांना पडली, मांजरपाट आणि शिलाई धरून. दोनदा धुतली, भोकं सरकली नाहीत. कोपऱ्यांना दुहेरी पट्टी आहे, नाडी तिथं पक्की बसवली आहे. तक्रारी दोन. गुरुवारी देते म्हणून मंगळवारी दिली, आणि तेवढे पाच दिवस लेक तंबूतच झोपली. बाळंतिणीचं काम आहे म्हणून आधी सांगून ठेवा, मग पुढे घेतात. दुसरी, नाड्या आखूड होत्या, आमच्या खोलीतल्या खुंट्यांपर्यंत पोचेनात. परत नेली तर उभ्या उभ्या लांब करून दिल्या, पैसे घेतले नाहीत. औषध भिजवलेली जाळी त्यांच्याकडे मिळत नाही. ती मिळाली तर अधिक चांगलं, कारण डास तिच्यावर बसला की मरतो. साधी जाळी फक्त अडवते.

छत्रीची जाळी 340 रुपये. तार चांगली आहे, एका हातानं उघडते, जाळीही त्याच 156 च्या कापडाची. पण खाली तळ नाही, नुसती गोल कड. मऊ गादीवर ती एका बाजूनं उचलली जाते. आम्ही टॉवेलची लांब गुंडाळी करून कडेवर सगळीकडून गोल ठेवतो, मग फट राहत नाही. हिचा उपयोग दिवसा जास्त. आपल्याकडे नळाला पाणी तीन-चार दिवसांनी येतं, घरोघर हौद आणि बॅरल भरलेले, त्यात एडीस ही डासाची जात वाढते आणि ती दिवसाउजेडी चावते. डेंगी तिच्याकडचा. बाळ दिवसाचे सोळा तास झोपतं, तेव्हा रात्रीची जाळी एकटी पुरत नाही.

जाळीत कधी जायचं यावरून घरात थोडं बोलणं झालं. जावईबापूंना साडेअकरापर्यंत कट्ट्यावर बसायची सवय. मी म्हटलं, नऊशे वीस रुपयांची जाळी रिकाम्या खाटेला राखत बसते आणि तुम्ही ऐन वेळेला बाहेर. लेक म्हणाली, "अप्पा, त्यांना जरा समजावून सांगा की." मी त्यांना फक्त भिंगातून दिसलेल्या त्या दोन धाग्यांची गोष्ट सांगितली. आता दहाला आत येतात.

या दुकानाला मी पाचपैकी साडेचार देईन. त्यातला अर्धा एका गोष्टीसाठी जास्तीचा. शिवून उरलेले जाळीचे तुकडे त्या एका पोत्यात टाकतात. मी दोन मागितले, संडासाच्या टाकीच्या गॅस पाइपला बांधायला. क्युलेक्स त्या पाइपातूनच टाकीत उतरते, आत अंडी घालते आणि नवी पिढी तिथूनच वर येते. पाइपाच्या तोंडाला जाळी घट्ट बांधली की आत असलेली आत राहते, बाहेरची बाहेर. बाईंनी विचारलं, कशाला पाहिजेत. सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर मशीन थांबवलं, पोतं ओतलं आणि वीतभर चौकोनाचे तुकडे कापायला बसल्या. पुढच्या वेळी गेलो तर काउंटरवर गठ्ठी बांधून ठेवलेली होती, वर सुतळीचे तुकडेही. जाळी शिवून घेणाऱ्याला फुकट देतात, न घेणाऱ्यानं मागितले तरी देतात. आमच्या गल्लीतल्या अकरा पाइपांना आता त्याच दुकानाची जाळी आहे. उन्हानं ती वर्षभरात विरते, तेव्हा पुढच्या ज्येष्ठात पुन्हा जाऊन नवे तुकडे आणणार आहे. दुकान सकाळी अकराला उघडतं. जाताना खाटेच्या मापाबरोबर गादीची जाडी नक्की लिहून न्या.